स्तुती वगळून

पहिल्याच दिवशी मी त्यांना हसले होते. कुलगुरूंना, त्यांच्याच खोलीत, त्यांच्या तोंडावर. नोकरीवर रुजू होऊन मला तेव्हा पुरता एक तासही झाला नव्हता.

त्याचं असं झालं. नवऱ्याला अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मिरज सोडून आम्ही चेन्नईला आलो. वर्षभर घरात बसून मी भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा नवऱ्यानेच घाबरून जाहिराती शोधल्या आणि नुंगंबाक्कमच्या एका खासगी विद्यापीठात मला कुलगुरूंची स्वीय सहायक म्हणून काम मिळालं. मुलाखत इंग्रजीत झाली होती. तमिळ मला पाणी मागण्यापुरतं आणि भाजीवाल्याला ‘पोदुम’, म्हणजे पुरे, म्हणण्यापुरतं येत होतं. टाइप केलेली पत्रं घेऊन आत गेले, तर मॅडम कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, “तूं मराठी न? बैस. भोजन झालें कीं नाहीं?”

एखादी बखर उठून बोलायला लागावी तसं मला वाटलं, आणि हसू फुटलं ते फुटलंच. मॅडमनी मान वर केली.

“आमचे पूर्वज तंजावरास येऊन तीनशें वर्षें होऊन गेलीं,” त्या म्हणाल्या. “तेव्हांपासून घरांत हेंच बोलतों. मागें राहिलेल्या तुम्ही लोकांनीं भाषा पातळ केली, त्याला आम्हीं काय करावें? सरि. पत्र दाखव.”

‘सरि’ म्हणजे ठीक आहे, हे मी त्या दिवशी शिकले. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण माझं मराठी पातळ आहे हे त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. ऑफिसात सगळे त्यांच्याशी तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत बोलत. मराठीत बोलायला मी एकटी होते आणि त्याचा मला माज होता, हे कबूल करते.

उंचीने त्या जेमतेम पाच फूट. साडी सुती आणि कमरेजवळ हमखास हिरव्या शाईचा डाग, कारण पेन तिथेच खोचलेलं असायचं. वर्षातून एकदा मला घेऊन त्या टी. नगरला साडीखरेदीला जात. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने निघाले होते. त्या गर्दीत कोपराने वाट काढत दुकानात शिरल्या, गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाल्या, गठ्ठ्यातल्या वरच्या सहा द्या, आणि मी चप्पल काढून गादीवर टेकेपर्यंत पिशवी घेऊन बाहेर. “रंग तरी बघायचे,” असं मी म्हटल्यावर म्हणाल्या, “मीं नेसल्यावर मला कुठें दिसतात?”

बैठकीत त्या स्वतः उभ्या राहत, त्यामुळे बाकीच्यांनाही बसवेना आणि दोन तासांच्या बैठका वीस मिनिटांत संपत. कुठल्याही वर्गात न सांगता शेवटच्या बाकावर जाऊन बसत. विद्यार्थ्यांना त्याची सवय झाली होती, प्राध्यापकांना शेवटपर्यंत झाली नाही.

आणि आवाज. त्या पाच फुटांत तो कुठून मावला होता देव जाणे. हजार माणसांच्या सभागृहात त्या माइक हाताने बाजूला सारत. कुलगुरू झाल्यावरही सोमवार-गुरुवार सकाळी आठला पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा तास त्यांनी सोडला नव्हता. असं कुणी करत नाही. संचालक मंडळानेही एकदा हळूच सुचवून पाहिलं की, हे पदाला धरून नाही. मॅडमनी त्यांना विचारलं, मग पद कशाला धरून आहे? पुढे तो विषय निघाला नाही. त्या तासाला साठ मुलं गप्प बसून ऐकत. “माझ्या तासाला मींच बोलतें,” हे त्या अभिमानाने सांगत. मलाही तो अभिमानच वाटे. त्या आवाजाची मी नोकर आहे असं मी मिरजेला फोनवर सांगायची.

त्यांची एक गोष्ट मात्र मला फार दिवस झेपली नाही. त्यांना स्तुती चालत नसे. स्वतःची तर नाहीच, दुसऱ्या कुणाचीही नाही. मानपत्र, निरोपाचं भाषण, शिफारसपत्र, काहीही असो, स्तुतीच्या ओळी हिरव्या शाईने खोडून कागद परत. एका देणगीदारांनी आम्हाला इमारत बांधून दिली. मी रात्र जागून मानपत्र लिहिलं. दानशूर, द्रष्टे, विद्येचे आश्रयदाते, काय नि काय. ते हिरव्या शाईतून बाहेर पडलं तेव्हा दोन वाक्यं उरली होती: यांनी इमारत दिली. तिच्यात आता दोनशे मुलं शिकतात. समारंभात ते अर्ध्या मिनिटात वाचून झालं. देणगीदार पुढच्या ओळीची वाट बघत उभेच राहिले.

फाटकावरचा रखवालदार निवृत्त झाला तेव्हा तर मला तीनदा परत पाठवलं. ‘प्रामाणिक आणि कष्टाळू’ असं मी लिहिलं होतं.

“प्रामाणिक म्हणजे काय केलें त्यानें?” मॅडम म्हणाल्या. “जा, विचारून ये.”

भर उन्हात मी फाटकावर जाऊन चौकशा केल्या. तेव्हा कळलं की, मुलं विसरून गेलेल्या छत्र्यांची तो एक वही ठेवत असे आणि मालक सापडेपर्यंत प्रत्येक छत्री सांभाळत असे. एका मुलाची छत्री त्याने तिसऱ्या वर्षी परत केली होती. तेवढंच लिहिलं. ते वाचलं जात होतं तेव्हा रखवालदार खाली बघत होता आणि त्याची बायको शेजारच्या बाईला सांगत होती की, हे खरं आहे, घरी पण असाच आहे.

“स्तुती कोणालाहि शोभते, वरचें नांव बदललें कीं झालें,” मॅडम मला त्या दिवशी म्हणाल्या. “घडलेलें असतें तें एकाचेंच असतें.”

गौरवाच्या आणि शिफारशीच्या पत्रांसाठी आम्ही एक वेगळा ईमेल पत्ता काढला होता. त्यावर काहीही आलं की आपोआप इंग्रजीत उत्तर जाई. उत्तराचा मजकूर मॅडमचाच होता: आपले पत्र मिळाले. त्यातील स्तुती वगळून, प्रत्यक्ष घडलेली एक गोष्ट ठिकाणासह लिहून पुन्हा पाठवावे. तोवर पत्राचा विचार केला जाणार नाही.

पोंगलनंतर मॅडमचा घसा बसला. आधी आम्ही थंडी म्हटलं, मग धूळ म्हटलं. महिना झाला तरी सुटेना, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने आणि मी मिळून त्यांना जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की, कर्करोग आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, आणि तीन आठवड्यांच्या आत काढलं तर जगण्याची आशा चांगली आहे. त्यानंतर मात्र मी शब्द देत नाही, असंही म्हणाले.

“आणि आवाज?” मॅडमनी विचारलं.

“तो जाईल.”

“सत्र संपल्यावर बघूं,” असं इंग्रजीत म्हणून मॅडम उठल्या. सत्र संपायला अडीच महिने होते.

गाडीत भाऊ रडत होता. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. फाटलेल्या आवाजात त्या मला म्हणाल्या, “आवाज गेल्यावर मीं वर्गांत जाऊन काय करूं? खडू मोजूं? चाळीस वर्षें मीं बोलत आलें. तेंच काढलें तर उरलें काय?”

त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांना घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून सूचना टाइप करून घेतली आणि सगळ्या फलकांवर लावायला लावली. कुलगुरूंना घशाचा कर्करोग झाला आहे. कुजबुजण्याची गरज नाही. तास नेहमीप्रमाणे होतील. खाली सही. कुलसचिव ती वाचून मटकन खुर्चीत बसले. ते अतिशय शिस्तीचे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. अशी सूचना जगात कुठल्याही विद्यापीठाने काढली नसेल, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर असावं.

दुपारपर्यंत माझा फोन गरम झाला. जुने विद्यार्थी, पालक, कुठले कुठले लोक विचारत होते, मॅडमना संदेश कुठे पाठवायचा? कुलसचिवांनी माझ्याकडे एक पत्ता मागितला. घाईत मला जो तोंडपाठ होता तो मी दिला. त्यांनी तो सगळीकडे कळवला, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही टाकला.

काय झालं असेल ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तोवर पावणेतीनशे लोकांनी आजारी बाईला धीर देणारी पत्रं लिहिली होती, आणि पावणेतीनशे लोकांना आमचं उत्तर गेलं होतं की, स्तुती वगळून पुन्हा लिहा, तोवर विचार होणार नाही. त्यात एका दुसऱ्या विद्यापीठाचे कुलगुरू होते. मॅडमचे डॉक्टर होते. एक निवृत्त न्यायमूर्ती होते.

“तुम्ही न्यायमूर्तींना पुन्हा अर्ज करायला सांगितलंत,” कुलसचिव इंग्रजीत, अगदी हळू म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी रडकुंडीला आले. प्रत्येकाला क्षमापत्र पाठवायचं ठरवलं, मसुदा केला, सोबत माझा राजीनामाही लिहिला आणि दोन्ही घेऊन मॅडमकडे गेले. घडलेलं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ठसका लागला. त्या हसत होत्या. घशातून आवाज निघत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाडीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसत होत्या.

“क्षमा मागूं नको,” त्या कशाबशा म्हणाल्या. “नियम सर्वांस एकच.” राजीनाम्याच्या कागदामागे त्यांनी गुरुवारच्या तासाची आकृती काढली आणि मला परत दिला.

मला वाटलं, लोक रागावतील, निदान गप्प बसतील. पण त्याच संध्याकाळपासून पत्रं पुन्हा यायला लागली. ज्यांना उत्तर गेलं होतं त्यांनी बसून दुसऱ्यांदा लिहिलं. ज्यांनी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं त्यांनीही लिहिलं, कारण ते उत्तर तोवर मोबाइलवर गावभर फिरलं होतं आणि लोक एकमेकांना सांगत होते की, हे तिचंच आहे, असं तीच म्हणणार. आठवड्याभरात चारशेवर पत्रं झाली. मी छापून दोन फायली केल्या. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले नऊ दिवस उरले होते. मॅडमचा भाऊ रोज मला फोन करायचा, “तुमचें ऐकतील, सांगून बघा,” म्हणून. मी रोज विषय काढायची आणि मॅडम रोज म्हणायच्या, “सत्र संपूं दे.”

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर मी फायली त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी कमरेचं हिरवं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वाचायला लागल्या. मी शेजारी बसून त्यांनी वाचून ठेवलेली पत्रं वाचत होते.

एका मुलाने लिहिलं होतं: तिसऱ्या सत्रात नापास झालो. कँटीनमागच्या कडुनिंबाखाली बसलो होतो. मॅडम येऊन शेजारी बसल्या. तासभर बसल्या. जाताना संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

एका प्राध्यापिकेने: वडील गेले तेव्हा माझी प्रश्नपत्रिका काढायची राहिली होती. तेराव्यानंतर परत आले तर ती तयार होती. अक्षर मॅडमचं होतं, नाव माझं.

वसतिगृहाच्या स्वयंपाक्याने तमिळमध्ये: सांबाराला भांड्याचा वास येतो अशी तक्रार आली. मॅडम आठवडाभर रोज आमच्या पंगतीत येऊन तेच सांबार जेवल्या. आठव्या दिवशी नवीन भांडी आली.

आता मोटारीच्या कंपनीत असलेल्या एकीने: प्रवेशाच्या मुलाखतीला मला इंग्रजी येईना. मॅडमनी आपली खुर्ची उचलली आणि टेबलाच्या माझ्या बाजूला आणून ठेवली.

प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने: पुराचं पाणी शिरलं त्या डिसेंबरात मी आणि मॅडमनी यंत्रं डोक्यावरून दोन मजले वर नेली. माझ्यापेक्षा दोन खेपा त्यांनी जास्त केल्या.

आणि न्यायमूर्तींनी, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवून: पुतण्याला प्रवेश द्यावा म्हणून मी फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुतण्या पुढच्या वर्षी परीक्षा देऊन आला. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

मी वाचत होते आणि मला रडू येत होतं. ही बाई माझी आहे, मी हिची पत्रं टाइप करते, असं कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं. मॅडम मात्र एकापाठोपाठ एक पानं उलटत होत्या. दोन तास झाले. पेन उघडंच होतं, त्याने एक शब्दही खोडला नव्हता. पहिली फाइल संपली, दुसरी अर्धी झाली, आणि त्यांनी ती मिटून बाजूला ढकलली. चेहरा उतरला होता.

“मीं काय बोललें तें एकानेंहि लिहिलें नाहीं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“एक तास, एक व्याख्यान, एक वाक्य. कोणाला कांहीं आठवत नाहीं. चाळीस वर्षें मीं कोणाशीं बोलत होतें ग?”

मी पुन्हा दोन्ही फायलींची पानं चाळली. खरं होतं. संत्रं होतं, खुर्ची होती, सांबार होतं. ज्या आवाजापायी बाई जीव धोक्यात घालून बसल्या होत्या, तो त्या चारशे पत्रांत कुठेच नव्हता.

मी मिरजेची. तोंडाला येईल ते बोलून मोकळं व्हायची मला खोड आहे आणि तिने मला आयुष्यात बरंच गोत्यात आणलंय. मी म्हणाले, “मग काढू द्या की डॉक्टरांना तो आवाज. त्याच्यावाचून इथे कुणाचं काही अडलेलं दिसत नाही.”

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. कर्करोग झालेल्या बाईला, स्वतःच्या वरिष्ठाला, मी हे म्हटलं होतं. बाहेर रस्त्यावर बस थांबून गेली, मग दुसरी थांबून गेली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं, कमरेला खोचलं आणि दुसरी फाइल परत ओढून राहिलेली पत्रं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, “फोन लाव.”

“कुणाला?”

“डॉक्टरास. गुरुवार नको म्हणावें, तास आहे. शुक्रवारीं.”

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. आदल्या संध्याकाळी इस्पितळात त्या भावाशी बराच वेळ बोलत होत्या. मला वाटलं, काही निरवानिरव चालली असेल. पडद्याआडून ऐकलं तर शेवग्याच्या शेंगा हल्ली किती महाग झाल्यात, हे चाललं होतं. त्यांच्या त्या मराठीत. मी बाहेर बाकावर बसून ते सगळं ऐकून घेतलं.

नवीन सत्र सुरू झालं तेव्हा त्या परत आल्या. गळ्याला सुती रुमाल, कमरेला पेन. पहिल्या सोमवारी आठ वाजता त्या वर्गात गेल्या आणि मी, काही लागलं तर म्हणून, दाराबाहेर उभी राहिले. त्यांनी फळ्यावर एक आकृती काढली आणि खडू पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे धरला. मुलगी उठेना. मॅडम तशाच उभ्या राहिल्या. वर्गात इतकी शांतता झाली की मला पळून जावंसं वाटलं. शेवटी ती मुलगी उठली, फळ्याशी गेली आणि चाचरत काहीतरी सांगायला लागली. मागून एक जण म्हणाला, चूक आहे. मॅडमनी त्याच्याकडे बोट केलं आणि त्यालाही फळ्याशी बोलावलं. मी ऑफिसात परत आले.

सहाव्या आठवड्यात, शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचं पत्र आमच्याकडे आलं. माणूस नवा होता, तो तास कुणाचा ते त्याला ठाऊक नसावं. पत्र इंग्रजीत होतं, मी मॅडमना मराठी करून वाचून दाखवलं: “सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता शेजारच्या खोलीत भौतिकशास्त्राच्या तासाला विद्यार्थी एवढा आरडाओरडा करतात, की मला माझा वर्ग घेणं अशक्य झालं आहे. कृपया संबंधित शिक्षकांना समज द्यावी.”

मॅडमनी बोट फिरवून खूण केली. पुन्हा.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि पुन्हा तीच खूण केली.